दुसऱ्याच्या वतीने त्याग घडतो काय?

दानाविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. दाता कसा असावा, द्रव्य कोणत्या मार्गाने मिळवलेले असावे, देश, काल आणि पात्र यांचा विवेक कसा करावा, दिल्यावर मनात काय उरू नये, या सर्व गोष्टींचा ऊहापोह पूर्वसूरींनी केला. त्या मानाने घेणाऱ्याच्या धर्माचा विचार थोडा झाला. घेणारा तो दीन, त्याला कसला आला विवेक, अशी एक लोकरूढ समजूत आहे. भिक्षामार्गाने चालणाऱ्यास मात्र ती पटणार नाही. ज्याच्या हाती झोळी आहे त्यास पुरते ठाऊक असते की घेण्यालाही नियम आहेत. किती घ्यावे, कोठे थांबावे, एकाच घरावर भार कसा पडू देऊ नये, गोड अन्न मिळणाऱ्या दाराची ओढ पायांना कशी लागू देऊ नये, हे सारे शिकावे लागते. आणि प्रसंगी पुढे आलेले दान हात जोडून परतही करावे लागते.

हे परत करणे म्हणजेच न घेण्याचा धर्म. त्याची गणना आपण त्यागात करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यागाची एक अट इतकी उघड आहे की ती सांगण्याचे कोणास सहसा सुचत नाही. जे सोडायचे ते आपले असावे लागते, आणि सोडल्याने पडणारी उणीव आपल्याच अंगावर यावी लागते. नाकारणारा एक आणि उपाशी राहणारा दुसरा, असे जेथे घडते तेथे त्या नकारास कोणते नाव द्यावे? हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हे. इसवी सन २०२५ च्या हिवाळ्यात युरोपाच्या एका कोपऱ्यात, गरीब आणि वादग्रस्त अशा एका प्रदेशात, तो लाखो माणसांच्या अंगावर थंडी होऊन उतरला. वरवर पाहता तो इंधनाचा आणि राजकारणाचा विषय आहे. परंतु त्याच्या गाभ्यात धर्मविचार आहे, म्हणून त्याची सविस्तर ओळख करून घेणे आवश्यक आहे.

रुमेनिया आणि युक्रेन यांच्या मध्ये मोल्दोव्हा नावाचा लहानसा देश आहे. युरोपातील अत्यंत गरीब देशांत त्याची गणना होते. त्याच्या पूर्वेस निस्टर नावाची नदी वाहते. या नदीचा डावा काठ आणि युक्रेनची सीमा यांच्यामध्ये चार हजारांहून थोडी अधिक चौरस किलोमीटर क्षेत्राची एक चिंचोळी पट्टी आहे. तिला ट्रान्सनिस्ट्रिया म्हणतात. सोव्हिएत संघराज्य मोडकळीस आले तेव्हा, २ सप्टेंबर १९९० रोजी, या पट्टीने आपण वेगळे झाल्याचे घोषित केले. १९९२ साली दोन्ही काठांमध्ये युद्ध पेटले, शेकडो माणसे मेली, आणि २१ जुलै १९९२ रोजी रशियाच्या मध्यस्थीने शस्त्रे खाली आली. तेव्हापासून तेथे तिरास्पोल या गावी वेगळे सरकार आहे, वेगळे चलन आहे, वेगळे सैन्य आहे, शिवाय दीड हजाराच्या आसपास रशियन सैनिक आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने मात्र या राज्यास मान्यता दिलेली नाही. कायद्याच्या दृष्टीने ती भूमी मोल्दोव्हाची, व्यवहारात ती तिरास्पोलच्या ताब्यात. रहिवाशांपैकी बहुतेकांजवळ मोल्दोव्हाचे नागरिकत्व आहे. नातीगोती दोन्ही काठांवर पसरलेली आहेत. तरुण मंडळी पोट भरण्यासाठी बाहेर गेली. एकेकाळी सुमारे सात लाखांची असलेली वस्ती २०१५ च्या गणनेत पावणेपाच लाखांवर आली, आणि पुढेही घटतच गेली. मागे राहिले त्यांत म्हाताऱ्यांचा भरणा मोठा.

या प्रदेशाचा संसार तीस वर्षांहून अधिक काळ एकाच आधारावर चालला, आणि तो आधार म्हणजे रशियाकडून येणारा नैसर्गिक वायू. तो वापरला जाई, परंतु त्याचे मोल पुरवठादारास पोहोचत नसे. घरे त्यावर ऊब घेत. रिब्नित्सा येथील पोलादाचा कारखाना त्यावर चाले. कुचुर्गान जलाशयाच्या काठी सोव्हिएत काळात उभारलेले मोठे वीजकेंद्र त्याच वायूवर वीज निर्माण करी. ही वीज नदीपलीकडे मोल्दोव्हास विकली जाई आणि तो पैसा तिरास्पोलच्या तिजोरीत जमा होई. रहिवाशांकडून वायूचे म्हणून जे अल्प शुल्क घेत तेही तेथेच राही. मग वायूचे देणे कोणाच्या नावे लिहिले गेले? मोल्दोव्हाच्या वायू कंपनीच्या नावे, जिचा अर्धा हिस्सा पुन्हा त्याच रशियन पुरवठादाराच्या हाती आहे. पुरवठादाराच्या हिशेबी ही रक्कम दहा अब्ज डॉलरांच्या पलीकडे गेली. जेवणारा एक आणि खाते दुसऱ्याचे, असा हा प्रकार. यास दान म्हणावे तर वहीत ऋण लिहिलेले आहे. ऋण म्हणावे तर घेणाऱ्याकडे कोणी मागतच नाही.

येथे उजव्या काठासही निर्दोष म्हणता येत नाही. त्याच फुकट वायूची वीज त्याने वर्षानुवर्षे स्वस्तात घेतली. डिसेंबर २०२२ पासून तर रशियाकडून मोल्दोव्हाच्या वाट्यास येणारा सगळा वायू डाव्या काठास द्यायचा आणि त्या बदल्यात तेथून वीज घ्यायची, अशी व्यवस्थाच ठरली होती. भांडण चालू होते, जकातीचे आणि झेंड्याचे तंटे चालू होते, आणि त्याच वेळी एकाच्या चुलीवर दुसऱ्याचा दिवा जळत होता. शेजाराचे स्वरूप पुष्कळदा असेच असते. ज्याच्याशी बोलणे बंद, त्याच्याच विहिरीचे पाणी.

युक्रेनमधून रशियन वायू वाहून नेण्याचा करार ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला. युद्ध चालू असल्याने युक्रेनने तो पुढे चालवला नाही. तुर्कस्तानाकडून येणारा दुसरा मार्ग होता, परंतु पुरवठादाराने तो वापरला नाही. मोल्दोव्हाकडे ७० कोटी ९० लाख डॉलरांचे जुने येणे आहे, ते मिळेपर्यंत वायू नाही, असे त्याने कळवले. त्रयस्थ तपासनिसांकडून केलेल्या तपासणीनंतर मोल्दोव्हा या येण्यापैकी केवळ ८६ लाखांच्या आसपास रक्कम मान्य करतो. मोठ्यांच्या या हिशेबात १ जानेवारी २०२५ च्या सकाळी डाव्या काठावरील घरांची ऊब थांबली. नळाचे गरम पाणी थांबले. अन्नपदार्थ बनवणारे सोडून इतर कारखाने बंद झाले. वीजकेंद्र साठवणीतल्या कोळशावर आले, परंतु तेवढ्याने भागेना. तेव्हा वीज आळीपाळीने बंद ठेवण्यात येऊ लागली, प्रथम तासाभरापुरती, मग तीन-चार तास, आणि पुढे दिवसाकाठी आठ तासांपर्यंत. बाहेर हिमकाळ. शाळांची मुले घरी बसली. ज्यांचे खेड्यात नातलग होते आणि त्यांच्या घरी जुन्या पद्धतीची लाकडाची भट्टी होती, ती माणसे तिकडे गेली. इमारतींच्या मजल्यांवर राहणाऱ्या वृद्धांनी अंगावर आहेत तेवढी वस्त्रे घातली.

आता विचाराचा मुख्य विषय येतो. या काळात मदतीचे हात पुढे आलेच नाहीत असे नाही. मोल्दोव्हाच्या सरकारने युरोपीय बाजारातून वायू घेऊन देण्यास साहाय्य करण्याची तयारी दाखवली. तिरास्पोलने ती स्वीकारली नाही. रशियाचा वायू येईल, आणि तोच आला पाहिजे, अशी त्यांची भूमिका राहिली. जानेवारीच्या अखेरीस युक्रेनच्या अध्यक्षांनी कोळसा देऊ केला. वस्तुतः त्या देशाची स्वतःची वीजकेंद्रे रशियन माऱ्याने उद्ध्वस्त होत होती. २७ जानेवारीस युरोपीय संघाने २ कोटी युरोंचे तातडीचे साहाय्य जाहीर केले, आणि त्यातून घेतलेला वायू १ फेब्रुवारीपासून डाव्या काठाकडे वाहू लागला. हे साहाय्य तेवढे घेण्यात आले. ४ फेब्रुवारीस युरोपीय संघाने आणखी ६ कोटी युरो देऊ केले. त्यास काही अटी होत्या. वायूचे दर क्रमाक्रमाने वाढवावेत, पोलादाच्या कारखान्यास त्यातून वाटा नसावा, आणि मानवी हक्कांच्या बाबतीत काही प्रगती दिसावी. हे साहाय्य तिरास्पोलने नाकारले. त्याऐवजी एका हंगेरियन कंपनीने वायू आणायचा, दुबई येथील एका कंपनीने त्याचे पैसे भरायचे, आणि त्या पैशाच्या मागे रशियाचे कर्ज असायचे, अशी वाट काढण्यात आली.

या नकाराच्या बाजूने एक पूर्वपक्ष मांडता येतो आणि तो दुर्बळ नाही. पूर्वपक्षी म्हणतो, सशर्त दान हे दानच नव्हे. ते मोल आहे. उपाशी माणसाच्या तोंडापुढे घास धरून त्यास ‘आधी माझे ऐक’ म्हणणे ही दया नसून फासेपारध्याचे कसब होय. ज्यांच्याशी एकदा युद्ध झाले, ज्यांना ही भूमी आपल्यात पुन्हा मिळवायची आहे, त्यांचा घास पोटात गेला की मानही त्यांच्या हाती गेली. त्यापेक्षा थंडी सोसणे बरे. स्वाभिमानी मनुष्य मरण पत्करतो, परंतु मिंधेपण पत्करत नाही. भिक्षुकसुद्धा अपमानाची भिक्षा परत करतोच ना?

यातील सत्यांश आधी मान्य केला पाहिजे. घासाच्या आड गळ असतो, हे खरे आहे. या विशिष्ट प्रसंगी देणाऱ्यांच्या मनात निव्वळ करुणा होती असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. देणाऱ्यांना त्या पट्टीवरचा रशियाचा प्रभाव कमी व्हावा असे वाटत होते, आणि त्यांनी ते लपवलेही नव्हते. शिवाय उजव्या काठाने जे देऊ केले त्यात उपकार किती आणि अनेक वर्षे स्वस्त वीज घेतल्याची परतफेड किती, हाही प्रश्न आहे. ज्याने शेजाऱ्याच्या चुलीवर आपला दिवा लावून घेतला, त्याने ती चूल विझल्यावर लाकडे आणून दिली तर तो मोठा दाता ठरत नाही. तो केवळ कृतघ्न नाही एवढेच सिद्ध होते.

तरीही पूर्वपक्ष दोन ठिकाणी लंगडा पडतो. पहिले ठिकाण अटींचे. सगळ्या अटी एका जातीच्या नसतात. एक अट दानाच्या वाटेकडे पाहते. दिलेले अन्न भुकेल्याच्याच मुखी पडावे, वाटेत कोठाराचा धनी त्यावर आपला व्यापार उभारू नये, असे ती सांगते. दुसरी अट घेणाऱ्याच्या मनाकडे पाहते. तू अमुक म्हण, अमुकास सोड, आमचा हो, असे ती सांगते. पहिली अट दात्याच्या विवेकातच मोडते. पात्रविचार सांगणाऱ्यांना तरी दुसरे काय अभिप्रेत होते? वायू घरांना मिळावा, पोलादाच्या भट्टीस नव्हे, ही अट पहिल्या जातीची आहे आणि तिचा राग उपाशी माणसाने करण्याचे कारण नाही. दर वाढवण्याची अट मधल्या जातीची म्हणावी लागेल. फुकटाची सवय मोडल्यावाचून संसार सावरत नाही, हे देणाऱ्याचे म्हणणे बरोबर असेलही. परंतु हिवाळ्याच्या मध्यावर तो धडा देणे कठोर आहे. हक्कांविषयीची अट तर पाहणाऱ्याच्या जागेवरून रंग बदलते. बंदिवानास ती करुणा वाटेल, बंदीपालास ती ढवळाढवळ वाटेल. म्हणून ‘सशर्त’ एवढा एकच शब्द उच्चारून सगळे दान एका टोपलीत टाकणे न्यायाचे नाही.

दुसरे ठिकाण अधिक महत्त्वाचे आहे. ज्यांनी हे साहाय्य नाकारले त्यांनी परावलंबन नाकारले काय? नाही. त्यांनी एका दाराची भिक्षा नाकारली आणि जुन्याच दाराची, आता तीन हातांमधून फिरून येणारी, घेतली. मिंधेपणाचा तिटकारा असता तर तो तीस वर्षांच्या मिंधेपणाचाही असता. ज्या धन्याने ऐन थंडीत वायू थांबवला त्याच्या दारी उभे राहण्यात मान जात नाही, आणि ज्या शेजाऱ्याने लाकडे देऊ केली त्याच्याकडून घेण्यात मात्र मान जाते, हा स्वाभिमान नव्हे. ही पक्षपाताची सवय आहे. अर्थात शेजाऱ्याकडून घेणे दूरच्या धन्याकडून घेण्यापेक्षा मनास अधिक जड जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. दूरच्या धन्याला आपली उणीव रोज दिसत नाही. शेजाऱ्याला ती दिसते, आणि उद्या तो बांधावर भेटणार असतो. भाऊबंदकीचा अनुभव असलेल्या कोणत्याही गावकऱ्यास हे समजावून सांगावे लागणार नाही.

भिक्षामार्गातला बहुगृही नियम येथे फार उपयोगी पडतो. अनेक घरी थोडे थोडे घ्यावे, म्हणजे कोणत्याच घरास भिक्षुकावर स्वामित्व सांगता येत नाही. एकाच घरी रोज जेवणाऱ्याची जीभ हळूहळू त्या घराची होते. मग त्या घरच्या अधर्मावर बोलण्यास ती वळत नाही. डाव्या काठाने तीस वर्षे एकाच घरी जेवण केले. उजव्या काठानेही प्रथम तेच केले. परंतु २०२१ च्या शरदात रशियन पुरवठा आटला आणि दर भडकले तेव्हा त्याने झोळी दुसऱ्या दारांपुढे नेली. रुमेनियातून यासी, उंगेनी आणि किशिनाऊ अशी जोडणारी वाहिनी तोवर तयार झाली होती. बाजारातून वायू घेण्याची रीत त्याने शिकून घेतली. ही भिक्षा गोड नव्हती. निरनिराळ्या घरचे कालवलेले अन्न जसे ना धड तिखट ना धड आळणी, तसे ते महाग आणि अनिश्चित होते. जानेवारी २०२५ मध्ये कुचुर्गानची वीज तुटली तेव्हा उजव्या काठावरील विजेचे दर एका झटक्यात सुमारे पाऊणपट वाढले, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या तेथल्या म्हाताऱ्यांनीही दिवा लवकर मालवण्यास सुरुवात केली. परंतु तेथे ऊब थांबली नाही. दोन काठांच्या नियतीतला हा भेद नदीने केलेला नाही. किती दारे ठाऊक होती, यावरून तो पडला.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. समजा, वरील सर्व आक्षेप बाजूस ठेवले. समजा, दान खरोखरच अपमानाचे होते आणि नाकारणारे खरोखरच मानी होते. तरीही तो त्याग ठरेल काय?

एखादा महंत मार्गाने चालला आहे. सोबत चार भिक्षुक आहेत, त्यांत एक वृद्ध आहे आणि एक तापाने फणफणलेला आहे. वाटेतल्या गावी कोणी गृहस्थ अन्न देऊ करतो, परंतु त्याच्या बोलण्यात तोरा आहे. महंताने स्वतःच्या पात्रावर हात आडवा धरला तर तो त्याचा आचार झाला, आणि त्यास कोणी दोष देणार नाही. परंतु त्याने चौघांच्या पात्रांवर हात धरला, तापकऱ्याच्याही, तर? वृद्धाने आपण होऊन ‘मलाही नको’ म्हटले तर गोष्ट निराळी. त्याने म्हटले नाही, त्यास विचारलेही नाही, आणि संध्याकाळी महंताच्या निःस्पृहतेची कीर्ती तेवढी गावभर झाली. यात निःस्पृहता महंताची आणि उपवास दुसऱ्याचा. एकाचे तप दुसऱ्याच्या खाती जमा होत नाही, हे कर्मविचाराचे पहिले पाऊल आहे. मग दुसऱ्याचा उपवास आपल्या खाती तप म्हणून कसा जमा होईल? तो जमा झालाच तर दुसऱ्याच रकान्यात होईल. परपीडेसाठी शस्त्रच उचलावे लागते असे नाही. पुढे आलेला घास अडवणे हीही पीडा आहे, आणि ती अधिक सूक्ष्म आहे, कारण ती सद्गुणाचा वेष घेऊन येते.

येथे शंका उपस्थित होते. राज्य म्हणजे व्यक्ती नव्हे. लाखो लोकांना घरोघर जाऊन ‘घेऊ की नको’ असे कसे विचारणार? कोणीतरी सर्वांच्या वतीने बोलावेच लागते, आणि पालक लेकराच्या वतीने पुष्कळ गोष्टी नाकारतोच. शंका योग्य आहे. पालक लेकराच्या वतीने विष नाकारतो, व्यसन नाकारतो, लबाडाची मिठाई नाकारतो. परंतु हे सर्व नकार लेकराच्या हिताचे आहेत आणि त्यांचा चटका पालकासही बसतो. उपाशी लेकराच्या वतीने शेजारणीची भाकरी नाकारणारा बाप स्वतः उपाशी असेल, तर त्यास निदान हट्टी तरी म्हणता येईल. तो स्वतः जेवून आला असेल तर त्यास काय म्हणावे, याचा निर्णय गावच्या बायका पाणवठ्यावर करतात आणि तो सहसा चुकत नाही. सर्वांच्या वतीने बोलणाऱ्यावर एक जास्तीचे बंधन येते. स्वीकारताना तो थोडा स्वैर असला तरी चालेल, कारण ज्यास नको असेल तो पुढे आपले पात्र झाकू शकतो. नाकारताना मात्र त्याने पराकाष्ठेचे सावध असले पाहिजे, कारण दारातूनच परत गेलेले अन्न ज्यास हवे होते त्यास पुन्हा मिळत नाही. स्वीकार व्यक्तीस मोकळीक ठेवतो, नकार ती ठेवत नाही. दोन्ही क्रिया वरवर सारख्या तोलाच्या दिसतात, पण त्या तशा नाहीत.

दुसरी शंका देणाऱ्याविषयी. ज्या शेजाऱ्याने बळाने आपली भूमी दाबून ठेवली त्यास साहाय्य करणे म्हणजे त्याच्या अन्यायास इंधन घालणे नव्हे काय? उजव्या काठावर असे म्हणणारे लोक होते, आणि ज्यांच्या घरचे कोणी १९९२ मध्ये गेले त्यांच्या तोंडी हे वाक्य आले तर त्यांना उपदेश करू नये. परंतु भूमी दाबणारे आणि थंडीने कुडकुडणारे हे एकच आहेत काय, एवढे तपासावे. तिरास्पोलच्या कचेऱ्यांतील मंडळी मोजकी आहेत. वर्षानुवर्षांच्या फुकट वायूचा मोठा लाभ ज्यांनी घेतला तेही मोजकेच. ज्याची भट्टी विझली तो मात्र बहुधा असा होता की त्यास भूमी दाबण्याविषयी कोणी कधी विचारले नव्हते. पात्रविचार हा गुणांचा विचार आहे, असे सामान्यतः सांगतात. परंतु भूक आणि थंडी यांच्या प्रसंगी गुणांची चौकशी पुढे ढकलावी, हे धर्मशास्त्राच्याही आधी आईला कळलेले आहे.

आणि देणाऱ्यासही येथे एक पथ्य आहे, ज्याची चर्चा त्या हिवाळ्यात फारशी झाली नाही. ‘आम्ही देत होतो, त्यांनी घेतले नाही’ हे वाक्य उच्चारणे फार सोपे आहे. ते उच्चारले की देणाऱ्याचे मन हलके होते, आणि घेणाऱ्याची खोली मात्र तशीच थंड राहते. धनी नाकारतो हे कळल्यावर देणाऱ्याने दुसरी वाट शोधली काय, अट जड होत असेल तर ती पुढच्या ऋतूपर्यंत बाजूस ठेवली काय, हे पाहिले पाहिजे. पहिले साहाय्य घेतले गेले आणि दुसरे नाकारले गेले, यात त्याचे उत्तर काही अंशी दडलेले आहे. पहिल्या वेळी अवधी थोडा होता, रक्कम थोडी होती, आणि भीड घालणारे शब्दही थोडे होते. दहा दिवसांचा वायू कोणी नाकारला नाही. मोठे दान मोठ्या कागदासह आले तेव्हा नकार आला. भुकेल्यास मूठभर देणारा आणि कोठार देऊ करून त्याची किल्ली मागणारा, यांपैकी लोक कोणास दार उघडतात हे दात्यानेही लक्षात घ्यावयास हवे होते.

राहिला प्रश्न लहान माणसांचा. सरकारांचे साहाय्य पत्राने येते आणि पत्राने परत जाते. नात्यांचे साहाय्य कोणाच्या संमतीची वाट पाहत नाही. त्या आठवड्यांत नदीवरचे पूल उघडे होते. बेंदेर आणि तिरास्पोलच्या इमारतींतून ज्यांना भाऊ, बहीण, व्याही असे कोणी खेड्यात किंवा पलीकडच्या काठावर होते, त्यांपैकी अनेक जण तिकडे गेले आणि परक्या भट्टीपाशी बसले. घेताना त्यांनी कोणाचा झेंडा पाहिला नाही, आणि देणाऱ्यांनीही कोणती अट घातली नाही. तेथील घरांत १९९२ च्या गोष्टी निघाल्याही असतील, कदाचित भांडणेही झाली असतील. जेवणाच्या वेळी पात्रे मात्र सर्वांची मांडली गेली. ज्यांना असे कोणी नव्हते, ज्यांची मुले पोटासाठी दूर देशी होती आणि ज्यांचे पाय जिना उतरण्यास असमर्थ होते, ते वरच्या मजल्यांवरच राहिले. तिरास्पोलने दिलेला नकार प्रामुख्याने त्यांच्याच वतीने दिला गेला होता.